सातबाऱ्यावरचा वाघ: सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचं प्रकरण

गुजरातमध्ये मे २०२५मध्ये सिंहांची गणना झाली आणि आकडा निघाला ८९१. २०२०मध्ये तो ६७४ होता, २०१५मध्ये ५२३. आकडा सगळीकडे छापून आला. त्याच गणनेतला दुसरा तपशील मात्र कोकणातल्या माणसाने थांबून वाचावा असा आहे. यातले निम्म्याहून अधिक सिंह गीरच्या राष्ट्रीय उद्यानाबाहेर आणि अभयारण्याबाहेर नोंदले गेले. म्हणजे कोणाच्या तरी केसर आंब्याच्या बागेत, उसात, गायरानात, राजुला-जाफराबादकडच्या किनाऱ्यालगतच्या झुडपांत. गीरचं संरक्षित जंगल साधारण १,४१२ चौरस किलोमीटरचं. सिंह वाढले तसे ते त्याच्या बाहेर सांडले, आणि तिथे त्यांचं बरं-वाईट वनखात्याइतकंच शेतमालकाच्या हातात गेलं.

कोकणात सिंह नाही. वाघ आहे, थोडा आहे, आणि तो पहिल्यापासूनच लोकांच्या मालकीच्या जमिनीतून चालतो. म्हणून गीरला जे आत्ता उमगतंय ते सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला गेली पंधरा वर्षं कोर्टात, ग्रामसभेत आणि तलाठ्याच्या दप्तरात घोळत पडलं आहे. सावंतवाडी आणि दोडामार्ग या दोन तालुक्यांमधल्या जंगलपट्ट्याचं हे प्रकरण.

पट्टा आहे तरी कुठे

उत्तरेला राधानगरी अभयारण्य, त्याच्याही वर चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. दक्षिणेला गोव्यातलं म्हादई अभयारण्य, कर्नाटकातलं भीमगड आणि पुढे दांडेली-अणशीचा म्हणजे आताचा काळी व्याघ्र प्रकल्प. या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे आंबोली-चौकुळपासून खाली तिलारीच्या खोऱ्यापर्यंतचं जंगल. घाटमाथ्यावरून ते उतारावर येतं आणि वाड्यांच्या मागच्या डोंगरांत मिसळतं. तिलारी नदी इथेच उगम पावते, गोव्यात गेली की शापोरा होते आणि मोरजीजवळ समुद्राला मिळते. मोरजीच्या वाळूत अंडी घालायला येणाऱ्या कासवांच्या किनाऱ्याचं आणि वाघाच्या डोंगराचं पाणी एकच, हे नकाशावर बोट फिरवलं तर लगेच कळतं.

या दुव्याचं मोल कळायला वाघाची एक सवय माहीत असावी लागते. नर बच्चा वयात आला की आईचा मुलूख सोडून लांब निघतो, शंभर-दोनशे किलोमीटरसुद्धा. मादी तशी जात नाही. ती शक्यतो आईच्या शेजारीच आपली हद्द मांडते. डिसेंबर २०२३मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात आलेला नर आधी राधानगरीत टिपला गेला होता. तो चालत आला. पण नुसते नर येऊन प्रकल्पात पिल्लं होत नाहीत. शेवटी नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोबातून एक वाघीण पकडून चांदोलीत आणावी लागली. विदर्भातून सह्याद्रीत, वाहनाने.

दक्षिणेकडून मादी चालत यायची असेल तर तिला पिढ्यान्‌पिढ्या मधे मुक्काम करत यावं लागेल. तिलारीच्या खोऱ्यात पिल्लांसह वाघीण वनखात्याच्या कॅमेऱ्यांत आली आहे, म्हणजे मुक्काम अशक्य नाही. मात्र त्यासाठी भेकर, सांबर, डुक्कर, गवा हवा, उन्हाळ्यात पाणी हवं आणि पिल्लं लपवायला गचपण हवं. नर रात्रीत रबराच्या बागेतून सरळ निघून जाईल. वाघीण तिथे पिल्लं घालणार नाही. ‘कॉरिडॉर’ म्हटलं की दोन खोल्यांमधला बोळ डोळ्यांसमोर येतो आणि बैठकांमध्ये ‘एवढी पट्टी सोडली की झालं’ असं बोललं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही.

एकाच ठिकाणी सगळं साठवण्यातला धोका सिंहांनी दाखवून दिला आहे. २०१८च्या पावसाळ्याअखेर गीर पूर्वच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, आणि त्यात कुत्र्यांमधून येणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूचा हात निघाला. त्याआधी, १५ एप्रिल २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवायला सांगितलं होतं. सिंह हलले नाहीत. कुनोत सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियातून चित्ते आले.

जंगल, पण कोणाचं

विदर्भातून आलेल्या वनाधिकाऱ्याला सिंधुदुर्गात पहिला धक्का हाच बसतो, की इथलं बरंचसं जंगल सरकारचं नाही. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा यांनी गच्च भरलेला डोंगर आणि त्याचा सातबारा कोणा घराण्याच्या नावावर. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नाहीत, वारस लागलेले नाहीत. याला सामायिक म्हणतात. भांडण मिटत नाही तोवर जंगल उभं राहतं. कोकणातल्या जंगलाला भाऊबंदकीने वाचवलं, असं म्हणण्यात थट्टा कमी आणि तथ्य जास्त आहे.

त्यावर सरकारी शिक्क्यांचे थर आहेत. १९७५चा खाजगी वने संपादन कायदा आला आणि काही जमिनी एका तारखेला शासनाकडे गेल्या, काहींच्या नोंदी अर्ध्यावर राहिल्या. १९९६मध्ये गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ मालकी न पाहता लावायला सांगितला, तेव्हापासून ‘वनसंज्ञा’ हा शब्द इथल्या चहाच्या टपरीवर पोचला. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत संस्थानकाळापासूनच्या कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामायिक ताब्यातल्या, जमिनींचा गुंता वेगळा, आकारीपड म्हणजे सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या जमिनींचा वेगळा. या सगळ्यातून माणसं एकच शिकली: जमिनीवर नवा शिक्का आला की आपलं काहीतरी जातं. पुढे जे विरोध झाले त्यांची मुळं वाघापेक्षा या अनुभवात जास्त आहेत.

रबर

दोन हजारनंतर दोडामार्गात बाहेरून, मुख्यतः केरळातून, बागायतदार येऊ लागले. हवा-पाऊस त्यांच्या ओळखीचा, जमीन केरळच्या मानाने स्वस्त. मुखत्यारपत्रं गोळा करणारे स्थानिक दलाल मिळाले आणि वर्षानुवर्षं सामायिकात अडकलेले डोंगर विकले जाऊ लागले. डोंगर घेतला की आधी लाकूड ठेकेदाराला देतात. तोड झाल्यावर राहिलेलं पेटवतात, जेसीबीने टप्पे पाडतात, मग रबर. रबर उंच होईपर्यंत मधल्या ओळींत अननस किंवा केळी.

इथे थोडं सावध बोललं पाहिजे. रबर लावणारा कायद्याने गुन्हेगार नाही, आणि विकणारा तर नाहीच. डोंगरातून वर्षाला काय मिळत होतं? पूर्वी दहा-पंधरा वर्षांनी एकदा जळाऊ लाकडाची तोड. ही जुनी पद्धतही जंगलाला बरी नव्हती, पण खोडं शाबूत राहत, त्यांना पालवी फुटे, दोन पावसांत पुन्हा झाडोरा होई. रबरासाठी मुळासकट काढतात. तिथलं जंगल परत येत नाही. काजूलाही डोंगर साफ करावाच लागतो, हे आपण सोयीने विसरतो. काजू ‘आपला’ असल्यामुळे त्याच्यावर कोणी बोलत नाही. वाघाच्या दृष्टीने फरक इतकाच, की काजूच्या बागा लहान आणि तुटक असतात, मधे परसू, वहाळ, देवराई राहते. रबर सलग असतं.

केळी-अननसाचा एक परिणाम कोणी धरला नव्हता. २००२पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात येऊ लागले होते. त्यांना ही मेजवानीच मिळाली. नारळ-केळीच्या बागा आडव्या झालेल्या माणसासमोर वाघाचं नाव काढलं तर तो काय ऐकून घेणार? वन्यप्राणी म्हणजे नुकसान, हे समीकरण इथे हत्तीने आणि गव्याने पक्कं केलं. वाघाचा त्यातला वाटा फारच लहान.

गावांनी स्वतःच मागितलं होतं

प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सगळ्यात आधी घडला आणि सगळ्यात आधी विसरला गेला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची पश्चिम घाट तज्ज्ञ समिती २०१०-११मध्ये काम करत होती, तेव्हा सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून आपलं क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, अशी मागणी केली होती. समितीच्या अहवालात त्याची नोंद आहे. कारण खनिजाचं होतं. डोंगरात लोहखनिज, कळणे गावात खाण आलेली, आणि आपल्या डोंगरावर कधी मशीन चढेल याचा शेजारच्या गावांना धसका. संवेदनशील क्षेत्र म्हणजे खाणबंदी, एवढं त्यांना स्वच्छ समजलं होतं. त्यांची भीती किती खरी होती ते २९ जुलै २०२१ला कळलं. त्या दिवशी कळण्याच्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल शेतांत, घरांत, नदीत शिरला.

गाडगीळ अहवाल बाजूला पडला. त्याच्या जागी आलेल्या कस्तुरीरंगन समितीने २०१३मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ भूभाग वेगळे केले. वस्ती, शेती, बागायत असलेला भाग सांस्कृतिकमध्ये गेला. ज्या गावाचं वीस टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील निघालं ते गाव यादीत. सिंधुदुर्गातली १९२ गावं बसली, दोडामार्गची बाहेर राहिली. बागा आणि जंगल एकमेकांत विणलेल्या मुलखाला ही फूटपट्टी लावल्यावर दुसरं काय होणार! ज्यांनी हात वर केला होता तेच बाहेर.

केंद्राने पश्चिम घाटाची प्रारूप अधिसूचना पहिल्यांदा मार्च २०१४मध्ये काढली आणि सहाव्यांदा ३१ जुलै २०२४ रोजी. सहा राज्यांतलं मिळून ५६,८२५.७ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. दहा वर्षं हरकती आणि सूचना.

कोर्ट

‘आवाज फाउंडेशन’ आणि ‘वनशक्ती’ या संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०१३मध्ये न्यायालयाने या पट्ट्यात झाडतोडीवर बंदी घातली. मार्च २०२४मध्ये न्या. नितीन जामदार आणि न्या. मिलिंद साठ्ये यांच्या खंडपीठाने आदेश दिला, की पंचवीस गावांना संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याचं प्रारूप चार महिन्यांत काढा, आणि झाडतोडीवर लक्ष ठेवायला कृती दल नेमा. बंदीला दहा वर्षं झाल्यावर कृती दल नेमावं लागतं, यावरूनच बंदी कशी पाळली गेली हे समजावं.

ती का पाळली गेली नाही, याची कारणं गूढ नाहीत. १९६४च्या झाडतोड कायद्यात दंड होता एक हजार रुपयांपर्यंत. ठेकेदाराला तो खर्चाच्या वहीत एक ओळ. एका वनरक्षकाकडे डोंगरच्या डोंगर, आणि मालकी जमिनीत जायचं तर आधी हद्द कोणाची हेच ठरत नाही. तोड सुट्ट्यांना लागून होते, पंचनामा होईस्तोवर लाकूड घाटाखाली. शिवाय बंदीने लहान माणसालाच जास्त जाच झाला. घराच्या वाशासाठी स्वतःच्या परसातलं झाड तोडायचं तर तो कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. ज्याने डोंगर उघडा केला त्याच्या जेसीबीला कागद लागत नाही. ग्रामसभेत पंचवीस गावांच्या जुन्या ठरावांवर आता मान डोलावणारे कमी झाले, त्याचं एक मोठं कारण हे. ‘झाडा राखून पोटाक काय खाऊचा?’ हा सवाल निघाला की बैठक तिथेच संपते.

न्यायालयाचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्या बंदीवाचून आणखी किती डोंगर गेले असते कोण जाणे. पण बंदी मालकाला तोडू नको म्हणते, राखल्याबद्दल त्याला काही देत नाही. असा कायदा पाळायला प्रत्येक झाडामागे एक शिपाई उभा करावा लागेल.

राखीव झालं ते कोणतं

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. जून २०२०मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, २९.५३ चौरस किलोमीटर. पाठोपाठ आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव, ५६.९२ चौरस किलोमीटर. दोन्ही मिळून ८६च्या आसपास. नकाशावर हिरवे ठिपके उमटले आणि ते उमटायलाच हवे होते.

मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३६-अ, ज्याखाली संवर्धन राखीव होतं, ते शासनाच्या मालकीच्या जमिनीपुरतं आहे. म्हणजे जे जंगल तसंही खात्याकडे होतं त्याचा दर्जा वाढला. दोन सरकारी तुकड्यांमधला, सातबाऱ्यावरचा डोंगर होता तिथेच राहिला, आणि तुटायचा धोका नेमका त्यालाच. साखळीच्या कड्यांना चकाकी आणली, जोड तसेच सोडले.

विषाची गाय

जानेवारी २०२०. पट्ट्याच्या गोव्याकडच्या टोकाला, सत्तरी तालुक्यात गोळावली इथे म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. वाघाने मारलेल्या जनावरात विष घातलं गेलं होतं. गुरांच्या मालकांना अटक झाली. चार वाघ म्हणजे या भागाच्या मानाने एक अख्खी पिढी. पुढे जुलै २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईला तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करायला सांगितलं.

ही घटना गोव्यातली, पण वाघाला राज्याची सीमा नसते आणि गुराखी दोन्हीकडचा सारखाच. या मुलखात कार्तिकात वाघबारस होते. पोरं रानात जाऊन खीर शिजवतात, एकाला वाघ करतात आणि बाकीचे त्याच्या मागे ओरडत धावतात. वाघाला देव मानायचं, त्याच्याकडे गुरांसाठी अभय मागायचं आणि त्याला पळवूनही लावायचं, असा हा व्यवहार. त्यात भीती आहे, वैर नाही. विष घालण्यापर्यंत माणूस येतो तेव्हा आधी त्याची दुभती गाय गेलेली असते आणि भरपाईचा भरवसा उरलेला नसतो. महाराष्ट्रात २०२२च्या निर्णयानुसार गाय, म्हैस, बैल गेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. वाईट नाही. पण जनावर डोंगरात पडलं, दोन दिवसांनी सापडलं, पंचनाम्याला माणूस तिसऱ्या दिवशी आला, तोवर तरसा-कोल्ह्यांनी काही ठेवलेलं नसतं. रक्कम वाढवण्यापेक्षा पंचनामा त्याच दिवशी होईल अशी सोय केली तर वाघाचं जास्त भलं होईल असं मला वाटतं. डुकरांसाठी लावलेल्या फासक्यांचंही तेच. त्यांत बिबटे अडकतात, वाघही अडकू शकतो; पण डुकराने भात नासलं त्याची भरपाई वेळेत मिळाली तर फासकी लावणारे हात आपोआप कमी होतील.

गीरभोवतीच्या गावांत सिंहाबद्दलची सहनशीलता आपण नेहमी वाखाणतो. तिथल्या शेतकऱ्याला सिंह हवा असतो, कारण तो नीलगाय आणि डुकरं मारतो. शेतातल्या उघड्या विहिरींत सिंह पडून मरू लागले तेव्हा हजारो विहिरींना कठडे बांधून दिले गेले, म्हणजे शेतकऱ्याचंही काम झालं. भक्ती आहेच, पण हिशेबही आहे.

राखण्याचा मोबदला

कोकणात असा हिशेब मांडून पाहिलेला आहे, फक्त दोडामार्गात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर भागात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने खाजगी जंगलमालकांशी करार केले. ठरलेली वर्षं तोड करायची नाही, त्याबद्दल मालकाला मोबदला. जोडीला बेहड्याचा माल. धनेश पक्षी जुन्या, पोकळ बेहड्यांत घरटी करतो. झाड लाकडासाठी तोडलं तर एकदाच पैसे, फळं नीट वाळवून ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्राखाली औषधी कंपनीला दिली तर दरवर्षी. धनेशासाठी जे जमलं ते वाघासाठी जसंच्या तसं जमणार नाही. धनेशाला झाड पुरतं, वाघाला खोरं लागतं. आणि रबराच्या जमिनीला मिळणारा भाव इतका चढा, की बेहड्याच्या फळांनी तो भरून निघत नाही. म्हणून देणगीदार संस्थेच्या खिशातून हे चालणार नाही. तिलारीचं पाणी ज्यांच्या नळाला येतं, त्यात मोठा वाटा गोव्याचा, त्यांच्या पाणीपट्टीतून डोंगर राखणाऱ्याला काही यावं, ही मागणी मला रास्त वाटते.

कायद्यात त्याला जागाही आहे. ३६-अच्या शेजारीच कलम ३६-क आहे, सामुदायिक राखीवाचं. मालकाने किंवा गावाने आपण होऊन जमीन संवर्धनाला दिली तर तिला हा दर्जा मिळतो, मालकी जात नाही आणि व्यवस्थापन समितीत गावचीच माणसं बसतात. ज्यांनी २०११च्या आधी स्वतः ठराव केले त्या गावांसमोर हा कागद आधी ठेवायला हवा होता. आता ठेवायचा तर त्यावर वार्षिक मोबदल्याचा आकडा लिहिलेला असावा लागेल आणि खाणबंदीचं वाक्य पहिल्या ओळीत. त्याच्याही आधी महसूल खात्याने या पंचवीस गावांत वारस नोंदींची शिबिरं घेऊन सामायिक सातबारे मोकळे करावेत. नाहीतर डोंगर राखायला तयार असलेल्या भावाची एक सही लागते आणि विकायला निघालेल्या भावाचं मुखत्यारपत्र दलालाच्या पिशवीत आधीच तयार असतं.